सरहद्दीवरची खानावळ

राजे-राक्षस-जादूवाले कॉम्प्युटर गेम खेळलेल्यांना हा सीन पाठ असतो. राज्याची सरहद्द, शेवटचं गाव आणि त्यात एक उबदार खानावळ. चुलीवर काहीतरी रटरटतंय. बाकावर व्यापारी, शिपाई, एखादा हेर. कोणीही यावं, बसावं, जेवावं.

आता म्हणाल, ह्याचा सोलापूरशी काय संबंध? आहे ना!

१९४८ पर्यंत सोलापूर खरोखरच सरहद्दीवर होतं. शहर ब्रिटिश मुंबई इलाख्यात, अक्कलकोट संस्थान शेजारी आणि हैदराबाद रस्त्याने ४५ एक किलोमीटरवरचं नळदुर्ग निजामाकडे. पलीकडे नाणं वेगळं (हाली शिक्का, आपला रुपया तो 'कलदार') आणि जकातीचं खातंही वेगळं, त्याचं नाव करोडगिरी. थोडक्यात, परदेशच.

अशा मुलखातला मुक्काम गेमइतका गोग्गोड नसायचा. ठगांची ठरलेली पद्धत म्हणजे वाटेत किंवा सराईत प्रवाशांशी गट्टी करायची, सोबत निघायचं आणि पुढे गळा आवळायचा. त्यांच्यावर १८३९ साली कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर हा पुढे १८५३ मध्ये नळदुर्ग भागाचाच अधिकारी झाला, हा एक मजेशीर योगायोग.

मग रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि सोलापूर माणसांनी भरलं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कानडी बोलणारे आले, आसपासच्या दुष्काळी गावांतून मराठी माणसं आली. घर गावाकडे आणि पोट इकडे, अशा माणसाला लागते ती खानावळ. महिन्याचा हिशेब, पगार झाला की पैसे, गावाला गेलं तर खाडे वजा. हा शब्द कानडीतही 'खानावळी' म्हणून नांदतोय, त्यामुळे पाटी वाचायला दुभाषा नको :-)

ताटही सरहद्दीला शोभेल असंच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन्ही प्रवासात टिकणारं. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला आणि मिरची उत्तर अमेरिकेतली, मेक्सिकोकडची. म्हणजे सोलापूरची 'अस्सल' चव तीन खंडांतून जमा झाली आहे!

पण इथेच गेम आणि इतिहास वेगळे होतात. गेममधल्या खानावळीत घुसताना कोणी जात विचारत नाही. आपल्याकडे ती पाटीवरच लिहिलेली असायची: ब्राह्मण खानावळ, लिंगायत खानावळ. त्यात मुख्य हेतू आपल्या पद्धतीचं जेवण मिळावं हा असेलही, पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र कुठल्याच पाटीखाली जागा नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण एका कप चहासाठी खुद्द राजाला जावं लागलं, ह्यात काय ते आलं.

सरहद्द पुसली गेली ती फार झटपट. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरींच्या फौजेने सोलापूरहून कूच केलं, त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. अवघे पाच दिवस!

खानावळीच्या दाराला जास्त वेळ लागला. २६ जानेवारी १९५० ला सोलापूर आणि नळदुर्ग, दोन्हीकडे एकच संविधान लागू झालं. त्यातलं १५ वं कलम मूळ शब्दांत जरूर वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी अशी चक्क यादी आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्यावरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही, असं ते सांगतं. एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानात उपाहारगृहाचा उल्लेख कशाला, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही.

कायदा झाला म्हणून वेगळे कप लगेच गेले नाहीत, हेही खरं. पण पुढच्या वेळी सोलापुरात बाकावर अनोळखी माणसाशेजारी बसून भाकरी मोडाल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या की तो बाक आपोआप सगळ्यांचा झालेला नाही.

असो. चटणीवर तेल घ्यायला विसरू नका.