दर चार तासांनी

‘आता घरी न्या, सेवा करा.’ कॅन्सर हाताबाहेर गेला की खामगावातल्या घरांत डॉक्टरांचं हे वाक्य येतं. सेवा म्हणजे नेमकं काय, ते कोणी सांगत नाही. पाय चेपायचे, चमच्याने पाणी पाजायचं, आणि रात्री कळ उठली की इंजेक्शन देणारा शोधत फिरायचं. हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या रोग्याची कळ शमवून शेवटपर्यंत सेवा करणारी संस्था; तिची कुळकथा म्हणजे या शेवटच्या प्रकाराविरुद्धचं भांडण आहे.

तसं मूळ जुनं. युरोपातली मध्ययुगीन हॉस्पिसं यात्रेकरूंची उतरण्याची ठिकाणं होती. शेगावच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. पण आजच्या हॉस्पिसचा प्राण इमारतीत नाही, घड्याळात आहे. लंडनमध्ये मरणपंथाला लागलेल्या गरिबांसाठी १८९३ मध्ये सेंट ल्यूक्स ही संस्था निघाली. तिथे पुढे मॉर्फिन, हे अफूपासून निघणारं वेदनाशामक, तोंडावाटे आणि ठरल्या वेळी देऊ लागले. रोग्याने कण्हून मागावं, मग द्यावं, असं नव्हतं. सिसिली सॉन्डर्स यांनी १९४८ पासून तिथे स्वयंसेवक म्हणून काम करताना हे पाहिलं. पुढे त्या डॉक्टर झाल्या, हॅकनीच्या सेंट जोसेफ्समध्ये नोंदी ठेवत त्यांनी तीच पद्धत राबवली, आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस उघडलं.

हिशेब साधा आहे. तोंडी मॉर्फिनचा असर चारेक तास टिकतो. तो उतरण्याआधी पुढचा डोस गेला, तर कळ डोकं वर काढत नाही, आणि पुढच्या कळेची धास्तीही राहत नाही. सॉन्डर्सबाई वेदना शरीरापुरती मानत नसत. डोक्यावरचं कर्ज, पोरीचं लग्न, देवावरचा राग, सगळं त्यात धरत. १९६९ पासून त्यांची माणसं रोग्याच्या घरी जाऊ लागली. माझ्या मते खामगावच्या कामाची गोष्ट तीच, खाटा नंतर.

भारतात १९८६ मध्ये टाटा रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने वांद्र्याला शांती आवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटनेची वेदनाशमनाची ‘शिडी’ त्याच वर्षीची, आणि तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन. पण वर्षभर आधीच, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा कायदा आला होता. परवान्यांची भेंडोळी आणि तुरुंगाची भीती, यापायी औषध दुकानांनी, इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, आणि इथला रोगी तळमळत होता. करुणेची टंचाई नव्हती, बाटलीची होती. २०१४ मधल्या दुरुस्तीने अनेक परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त संस्थेला एकच मंजुरी पुरेशी केली. कायदा सुटला, डॉक्टरांच्या मनातली अढी हळूहळू सुटते आहे.

म्हणून ‘घरी न्या’ ऐकल्यावर तिथेच विचारून घ्यावं: तोंडी मॉर्फिनची मंजुरी असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं? डोसांच्या वेळा कागदावर लिहून द्याल का? मधेच कळ उठली तर जादा किती द्यायचं? आणि मॉर्फिनने हमखास बद्धकोष्ठ होतो, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच चिठ्ठीवर हवं.