डोमेनदर्शनाचा इतिहास : स्तरित मँगॅनीज ऑक्साइडांच्या विशेष संदर्भात

लोहचुंबकीय पदार्थाच्या अंतरंगात एकाच दिशेने चुंबकित झालेले सूक्ष्म विभाग, म्हणजेच डोमेन, असतात ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. हे विभाग डोळ्यांना दिसण्यास मात्र जवळजवळ पाव शतक लागले. १९३१ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस बिटर यांनी पदार्थाच्या पृष्ठभागावर बारीक चुंबकीय चूर्ण पसरून आकृत्या मिळविल्या. या यशाइतकीच लक्षणीय ठरते ती पुढे उघडकीस आलेली अडचण. घासून गुळगुळीत केलेल्या नमुन्यांवर चक्रव्यूहासारखी नक्षी उमटे. पण ती पदार्थाच्या अंतरंगाची नसून घासण्यामुळे पृष्ठभागात निर्माण झालेल्या ताणाची होती. विद्युत अपघटनाने पृष्ठभाग तयार केल्यानंतर नक्षी पालटली. बेल प्रयोगशाळेतील विल्यम्स, बोझोर्थ आणि शॉकली यांनी १९४९ मध्ये सिलिकॉनयुक्त लोहाच्या एकल स्फटिकांवर मिळविलेल्या आकृत्या म्हणूनच विश्वसनीय मानल्या जातात. प्रतिमा मिळविणे आणि ती कशाची आहे हे ठरविणे या दोन स्वतंत्र गोष्टी होत, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

१९५९ मध्ये हेल, फुलर व रुबिनस्टाइन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा उपयोग करून पातळ पटलांतील डोमेन पाहिले. या पद्धतीत पदार्थातील चुंबकीय क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन वळतात व केंद्राबाहेरील प्रतिमेत डोमेनच्या भिंती उजळ किंवा काळ्या रेषांच्या रूपाने दिसतात. तथापि, इलेक्ट्रॉन झोताला लंब असलेला क्षेत्राचा घटकच तिच्यात नोंदला जातो. झोताच्या दिशेतील घटकाचे अनुमानच करावे लागते. पुढील वादाचे मूळ येथेच आहे.

मँगॅनीज-ऑक्सिजनच्या दोन-दोन थरांच्या जोड्या व त्यांमधील विभाजक थर अशी रचना असलेल्या लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम-मँगॅनीज ऑक्साइडाकडे १९९६ मध्ये मोरितोमो, तोकुरा आदींच्या संशोधनामुळे लक्ष वेधले गेले. १९९९ मध्ये फुकुमुरा व सहकाऱ्यांनी अशा स्तरित स्फटिकात बुडबुड्यांसारखी डोमेन आपोआप तयार होतात हे दाखविले. बेल प्रयोगशाळेत बोबेक यांनी १९६० च्या दशकात अभ्यासलेल्या चुंबकीय बुडबुड्यांना बाह्य क्षेत्राचा आधार लागत असे, हे लक्षात घेता हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा होता.

२०१४ मध्ये यू, तोकुरा व सहकाऱ्यांनी याच कुळातील ऑक्साइडाच्या प्रतिमांत परस्परांना जोडलेल्या चुंबकीय भोवऱ्यांच्या जोड्या, म्हणजेच ‘बायस्किर्मिऑन’, दिसत असल्याचे प्रतिपादन केले. प्रति चौरस मीटर १० कोटी अँपिअरहून कमी विद्युतप्रवाहाने त्या सरकतात, असेही त्यांनी नोंदविले. माहिती साठविण्याच्या दृष्टीने ही बाब आकर्षक होती. मात्र २०१९ मध्ये लाउडन व सहकाऱ्यांनी मँगॅनीज-निकेल-गॅलियम या मिश्रधातूतील तशाच प्रतिमा तपासून निराळा खुलासा केला. साधा, भिंतीतील चुंबकन पूर्ण वेढा न घेणारा बुडबुडा तिरप्या कोनातून पाहिला, तर तोही जोडभोवऱ्यासारखाच भासतो. त्यांचा पदार्थ ऑक्साइड नव्हता, हे खरे. परंतु निरीक्षणाची पद्धत तीच होती. त्यामुळे २०१४ च्या प्रतिमांचा अर्थही नमुना निरनिराळ्या कोनांत कलवून पडताळावा लागतो.