बोटांची स्मृती आणि कळांचा इतिहास

काही दिवसांपूर्वी एका लेखाची मुद्रणप्रत तयार करताना एक परिच्छेद माझ्या हातून नाहीसा झाला. घरच्या संगणकावर मजकूर उचलायचा, म्हणजे त्याची नक्कल घ्यायची, तर स्पेसबारला लागून असलेली कळ अंगठ्याने धरून मी ‘सी’ दाबतो. महाविद्यालयातील संगणकावर त्या जागी दुसरीच कळ होती. बोटांनी नेहमीचे काम केले, मनाने त्यावर विश्वास ठेवला आणि मूळ जागचा परिच्छेद मी पुसून टाकला. नव्या जागी चिकटला तो सकाळी कधी तरी उचललेला एक ग्रंथनामाचा तुकडा. फाइल साठवून बंद केल्यावर, घरी वाचताना, हे ध्यानात आले. ‘यंत्रात बिघाड असेल’, असे सहकारी म्हणाले. वस्तुतः बिघाड कुठेच नव्हता. दोन्ही यंत्रे आपापल्या परंपरेशी प्रामाणिक होती. फसली होती ती माझी बोटे.

कंट्रोल ही कळ दूरमुद्रकाच्या काळातली. 1963 साली सिद्ध झालेल्या ‘आस्की’ संकेतावलीत पहिले बत्तीस क्रमांक अक्षरांसाठी नव्हतेच. ते यंत्राला द्यावयाच्या सूचनांसाठी राखलेले होते. कंट्रोल धरून ‘सी’ दाबले की तिसरा क्रमांक जाई, आणि त्याचा अर्थ होता ‘मजकूर संपला’. पुढे अनेक मोठ्या यंत्रांवर हीच जोडी ‘चालू काम थांबवा’ या अर्थाने रूढ झाली. युनिक्सच्या वंशातील प्रणालींच्या आज्ञापटलावर आजही तिचा तोच अर्थ आहे. तिथे नक्कल घेण्याच्या इराद्याने ही जोडी दाबणारा माणूस आपलेच चाललेले काम बंद पाडतो.

‘कापा’ आणि ‘चिकटवा’ हे शब्द आले ते संपादकाच्या मेजावरून. कात्रीने हस्तलिखिताची पट्टी कापायची आणि डिंकाने दुसरीकडे लावायची, ही रीत आपल्याकडच्या जुन्या संपादकांनाही अपरिचित नव्हती. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 1970च्या दशकाच्या मध्यावर ‘जिप्सी’ नावाची लेखनप्रणाली रचली, ती गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी. त्याआधीच्या ‘ब्राव्हो’ प्रणालीत एकच कळ कधी अक्षर असे, तर कधी आज्ञा. तिच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. आज्ञेच्या अवस्थेत असल्याचे विसरून कुणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवा मजकूर घालण्याची तयारी होई आणि अखेरीस कागदावर उरे एकटा ‘टी’. टेस्लर यांनी जन्मभर या अवस्थाभेदाविरुद्ध मोहीम चालवली, त्यामागे लेखकाच्या मजकुराविषयीची काळजी होती.

टेस्लर 1980 साली ॲपलमध्ये गेले. 1983च्या ‘लिसा’ यंत्रावर आज परिचित असलेल्या चार कळा आल्या. ‘सी’ हे ‘कॉपी’चे आद्याक्षर, ‘एक्स’ म्हणजे खोडल्याची फुली, ‘व्ही’ म्हणजे शब्द घुसडण्याची काकपदासारखी खूण, उलटी केलेली, आणि त्यांच्या शेजारचे ‘झेड’ केलेले रद्द करण्यासाठी. त्यांच्या जोडीला स्वतंत्र आज्ञाकळ असल्याने जुन्या कंट्रोलशी तंटा उद्भवला नाही. दुसरीकडे आयबीएमने 1987 साली आपली निराळी संहिता मांडली: उचलण्यासाठी कंट्रोल आणि इन्सर्ट, चिकटवण्यासाठी शिफ्ट आणि इन्सर्ट. विंडोजने आरंभी हीच वाट धरली. 1992च्या विंडोज 3.1मध्ये त्या चार अक्षरांचा स्वीकार झाला, पण जोडीला आली कंट्रोल, म्हणजे करंगळीची कळ. माझा परिच्छेद गेला तो या अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मधल्या फटीत.

भाषेने ही फट आणखी रुंदावली आहे. जर्मन कळफलकावर ‘वाय’ आणि ‘झेड’ यांच्या जागांची अदलाबदल आहे. तिथे इंग्रजी सवयीचे बोट ‘रद्द करा’ म्हणायला जाते आणि ‘पुन्हा करा’ म्हणून बसते. स्पॅनिश वर्डमध्ये कंट्रोल आणि ‘एन’ म्हणजे ठळक अक्षर, कारण ठळक म्हणजे ‘नेग्रीता’. इंग्रजीत त्याच जोडीने कोरी फाइल उघडते.

म्हणून दोन यंत्रे निरनिराळे वागू लागली की दुरुस्तीच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. जोडकळ तीच आहे का? निवडलेला कळफलक त्याच भाषेचा, त्याच मांडणीचा आहे का? आणि कळ दाबल्यावर ती प्रथम कोणाच्या हाती पडते: संचालनप्रणालीच्या, लेखनप्रणालीच्या, की मध्येच बसलेल्या एखाद्या टंकनसाधनाच्या? बहुतेक वेळा उत्तर या तिहींतच सापडते. आणि मजकूर हलवताना मूळ जागचा मजकूर, नव्या जागी तो डोळ्यांनी वाचल्याखेरीज, पुसू नये.

मराठी लिहिणाऱ्याची स्थिती तर आणखी विलक्षण. 1991च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत ‘सी’च्या कळेवर ‘म’ आहे, ‘व्ही’च्या कळेवर ‘न’. पण विंडोजवर कंट्रोल धरताच तीच कळ पुन्हा इंग्रजी होते. आपण मजकूर मराठीत लिहितो आणि यंत्राला आज्ञा मात्र रोमन आद्याक्षरांत देतो. स्पॅनिशांप्रमाणे आपण त्या बदलून घेतल्या नाहीत. याची खंत करावी असे मला वाटत नाही. फुली आणि काकपद या खुणा कुणा एका भाषेच्या नाहीत, मुद्रितशोधकाच्या आहेत. मात्र या कळांचा अर्थ निसर्गदत्त नाही, तो कुणी तरी, कधी तरी, कुणाच्या तरी सोयीसाठी ठरवलेला आहे, एवढे भान असावे. शब्दाविषयी हेच आपण वर्गात शिकवतो. कळेविषयी ते मी एक परिच्छेद गमावून शिकलो.