हेमाडपंतांच्या नावावर

आपल्याकडे काळ्या दगडाचं, चुना न वापरलेलं, थोडी पडझड झालेलं देऊळ दिसलं की उत्तर तयार असतं : "हेमाडपंती आहे." शाळेच्या सहलीत गुरुजी हेच सांगतात, देवळातले पुजारी हेच सांगतात आणि आपणही पाहुण्यांना हेच ऐकवतो. या हेमाडपंतांच्या नावावर काय काय जमा आहे बघा. मोडी लिपी त्यांनी आणली (लंकेहून, म्हणे!), बाजरी त्यांनी रुजवली आणि महाराष्ट्रातली झाडून सगळी जुनी देवळंही त्यांनीच बांधली. तेही यादवांच्या दरबारातली नोकरी सांभाळून.

मागच्या हिवाळ्यात आम्ही वीस-बावीस जण नाशिक जिल्ह्यातली जुनी देवळं बघायला तीन दिवस फिरलो. माहिती द्यायला एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. खांद्याला शबनम, हातात विजेरी आणि खिशात मोजपट्टी. बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी अट घातली, "तीन दिवस 'हेमाडपंती' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा." पहिला चहा अर्ध्या तासात झाला. :)

तारखा बघितल्या तर सरांचं म्हणणं सरळ आहे. हेमाद्री उर्फ हेमाडपंत हे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचे मंत्री. म्हणजे काळ १३व्या शतकाचा उत्तरार्ध. आता अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. त्यातल्या शिलालेखाचा शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०. हेमाडपंत कारभारात यायच्या दोनशे वर्षं आधी ते देऊळ उभं होतं. सिन्नरचा गोंदेश्वर शैलीवरून ११व्या-१२व्या शतकातला मानतात. थोडक्यात, पणजोबांनी बांधलेल्या घराला आपण पणतवाचं नाव देऊन बसलोय.

पहिला दिवस अंजनेरीचा. त्र्यंबकच्या रस्त्याला, नाशिकपासून वीसेक किलोमीटर. लोक जातात ते डोंगरावर, अंजनीमातेच्या आणि हनुमानाच्या दर्शनाला. पायथ्याशी जी सोळा देवळं विखुरली आहेत त्यांच्याकडे फारसं कोणी वळत नाही. काही जैन, काही हिंदू. कुठे नुसता चौथरा, कुठे चौकट उभी आणि मागे आभाळ, कुठे कोरीव दगड गवतात आडवे पडलेले. गावातल्या शेळ्यांना त्यातला प्रत्येक दगड पाठ असावा.

इथल्या एका जैन देवळात शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४१-४२ चा शिलालेख आहे. सरांनी आम्हाला त्याच्यासमोर चक्क मांडी घालून बसवलं. मला वाटलं, आता राजाची बिरुदं, शत्रूंच्या हत्तींची गंडस्थळं वगैरे ऐकावं लागणार. निघालं भलतंच. सेउणदेव नावाच्या यादवाने चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या देवळाला काय दिलं? तीन दुकानं! आणि वत्सराज नावाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने, लाहड आणि दशरथ या दोघांच्या जोडीने, आणखी एक दुकान आणि एक घर दिलं.

तिथेच मला हा प्रवास वसूल झाल्यासारखा वाटला. तीन दुकानं! म्हणजे इथे बाजारपेठ होती. दुकानाला भाडं येत होतं, आणि ते देवाच्या दिवाबत्तीला कायमचं पुरेल इतका त्या पेठेचा भरवसा होता. लाहड हे नाव तर कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात मी शाळेत वाचलं नव्हतं. हा माणूस काय विकत असेल? कापड? धान्य? आज ती दुकानंही नाहीत, गिऱ्हाइकंही नाहीत. दगड आहे आणि त्यावर ही नोंद आहे.

अंजनेरीची पेठ त्याहूनही जुन्या दिवसांशी जोडता येते. इथेच भोगशक्ती नावाच्या राजाचे ताम्रपट सापडले, ८व्या शतकाच्या आरंभीचे. हा चालुक्यांचा मांडलिक. उजाड झालेलं समगिरिपट्टण नावाचं शहर त्याने पुन्हा वसवलं आणि तिथल्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या. जकात माफ. सरकारी माणसांच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा भार त्यांच्यावर नाही. निपुत्रिक मेलेल्याची मालमत्ता सरकारजमा होणार नाही. सर म्हणाले, "यातली कलमं वाचली की आधी काय काय चालत होतं ते कळतं." बसमध्ये एक किराणा दुकानदार होते, ते बराच वेळ हसत होते.

माझी मावसबहीण दोन वर्षांपूर्वी कंबोडियाला जाऊन आली. अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम अशी चार दिवसांची सहल, सोबत गाइड. आल्यावर तिने मला ऐकवलं होतं, "तिथे बघ कसं जपलंय, आपल्याकडे काय आहे?" तेव्हा मी गप्प बसलो. आता तारखा लावून बघतो तर गंमत आहे. अंजनेरीचा लेख कोरला जात होता तेव्हा तिकडे दुसऱ्या सूर्यवर्म्याचं अंगकोर वाट बांधलं जात होतं. आकाराची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. पण सातव्या जयवर्म्याने आईच्या नावे बांधलेल्या ता प्रोमचा ११८६ चा शिलालेख आहे, त्यात देवळाच्या सेवेला लावलेल्या माणसांचा हिशोब दिलाय : ३१४० गावं आणि ७९,३६५ माणसं. त्यात ६१५ नर्तकी. वाचताना छाती दडपते. त्या ७९,३६५ जणांना कोणी विचारलं असेल का, असाही प्रश्न पडतो. आमच्या लाहडशेटने दुकान दिलं त्याच्या नावानिशी. मला, खरं सांगायचं तर, हा लेख जास्त जवळचा वाटतो. (बहिणीला हे पटणार नाही, ते मी धरून चाललोय.)

दुसरा दिवस सिन्नर. विडीसाठी आणि आता औद्योगिक वसाहतीसाठी ओळखलं जाणारं हे गाव देवगिरीच्या आधीची यादवांची राजधानी. पाचव्या भिल्लमाने चालुक्यांचं मांडलिकत्व झुगारलं, देवगिरीला बस्तान हलवलं, आणि सिन्नर मागे पडलं. गोंदेश्वर मात्र राहिला. उंच चौथऱ्यावर मध्ये शिव, समोर नंदीमंडप आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं : विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य. शिवपंचायतन. सकाळी आठच्या उन्हात त्याचं शिखर बघितलं आणि सरांनी 'भूमिज' हा शब्द पहिल्यांदा काढला.

सोपं करून सांगतो. शिखराच्या चार बाजूंना मधोमध तळापासून वर जाणारे चार उभे पट्टे असतात. दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, एकावर एक, वर जाताना लहान लहान होत गेलेल्या. जपमाळेतले मणी ओळीने लावावेत तशा. हे भूमिज शिखर. भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' ग्रंथात त्याचं वर्णन आहे आणि त्याचा मोठा नमुना म्हणजे मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर, परमार राजा उदयादित्याचं. म्हणजे ही शैली माळव्यातली. अंबरनाथही भूमिजच. आता 'हेमाडपंती' म्हटलं की यातलं काय कळतं? फक्त एवढंच, की दगडात चुना नाही. बिनचुन्याचं बांधकाम, दगडाला खाचा पाडून आणि वजनावर तोलून रचणं, हे तर हेमाडपंतांच्या आधीपासून चालत आलेलं. बांधणीची रीत सांगायला हा शब्द वापरला तर माझी तक्रार नाही. पण तो शब्द आला की पुढचे प्रश्नच संपतात. कोणी बांधलं, पैसा कुठून आला, कारागीर कुठले, काही विचारायचं राहत नाही. आणि ज्या देवळाबद्दल गावाला काही विचारायचंच नसतं, त्याला ऑइलपेंट फासायला, सभामंडपासमोर पत्र्याची शेड ठोकायला कोणाचा हात अडत नाही. अशी उदाहरणं आपल्या सगळ्यांच्या गावांत आहेत, नावं घेत नाही.

सिन्नरमध्येच ऐश्वरेश्वराचं छोटं देऊळ आहे. शिखर गेलेलं, पण आतलं कोरीवकाम वेळ काढून बघण्यासारखं. आम्हाला तिथे अर्धा तासच मिळाला, कारण जेवणवाल्यांचे फोन सुरू झाले होते. असो.

दुपारी पिठलं-भाकरीनंतर मी सरांना विचारलं, मग हेमाडपंतांना काहीच श्रेय नाही का? ते म्हणाले, "आहे की. मोठं आहे. पण वेगळं." हेमाद्रींनी 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यातल्या व्रतखंडाला राजप्रशस्ती जोडलेली आहे, यादवांची वंशावळ. दृढप्रहार, सेउणचंद्र, भिल्लम अशी सगळी माळ. रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना ताम्रपटांच्या जोडीला हीच वंशावळ वापरली. म्हणजे ज्या माणसाने आधीच्या राजांची नावं जपून लिहून ठेवली, त्याच्याच नावाखाली आपण ती नावं पुसली. हे ऐकल्यावर जेवणाच्या पंगतीत थोडी शांतता पसरली होती. हेमाडपंतांना स्वतःला हे कळलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

तिसऱ्या दिवशी आग्रा रोडने चांदवड, मालेगाव करत झोडगे. वसईच्या १०६९ च्या ताम्रपटात यादवांचं जे चंद्रादित्यपूर येतं ते चांदवड असावं असं अभ्यासक मानतात. आम्ही ते बसच्या खिडकीतूनच बघितलं. झोडग्याचा माणकेश्वर गोंदेश्वरापेक्षा लहान, पण शिखर फार देखणं. तेही भूमिज. दोन दिवसांच्या शिकवणीनंतर सगळ्यांनी ते एका नजरेत ओळखलं, आणि सरांच्या चेहऱ्यावर मास्तरांचा तो खास आनंद. आमच्यातली एक शाळकरी मुलगी खाली उभी राहून शिखरावरच्या छोट्या शिखरांच्या ओळी बोटाने मोजत होती. तिचा आकडा आणि तिच्या आजोबांचा आकडा जुळेना, म्हणून दोघांनी तीन वेळा प्रदक्षिणा घातली. बाहेर हमरस्त्यावर ट्रकांची रांग धुळ्याकडे चालली होती. सर म्हणाले, "हा रस्ता पुढे कुठे जातो?" कोणीतरी म्हणालं, इंदूर. "म्हणजे माळवा," सर म्हणाले आणि विजेरी पिशवीत टाकून चहाच्या टपरीकडे निघाले. तो चहा मात्र त्यांनीच पाजला.