फेरीवाल्यांचें वार्धक्य : वतनाबाहेरील एक वर्ग

जुन्या कागदांच्या संग्रहांत वतनाच्या निवाड्यांचे रुमाल पुष्कळ. डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्याचा उल्लेख मात्र बहुधा वसुलीच्या निमित्तानेंच येतो. बाजारांत दुकान मांडल्याबद्दल द्यावयाची ती बाजारबैठक, धंद्यावरील तो मोहतर्फा, आणि हक्कदारानें पाटींतून मूठभर जिन्नस उचलावयाचा ती फसकी. विक्रेत्याकडून काय घ्यावें यास तीन शब्द सहज सांपडतात. तो थकल्यावर त्यास काय द्यावें, यासाठीं एकहि रूढ शब्द नाहीं.

यास केवळ निष्ठुरता कारण नव्हे. त्या काळीं निर्वाह वतनास, सेवेस किंवा विद्येस बांधलेला असे. कुंभाराचे हात थकले तरी मुलगा चाक फिरवी व घरचें बलुतें चालू राही. कुळकर्ण्यास लेखणी धरवेना तर तो गुमास्ता ठेवी. देशमुख-देशपांडे मुतालिकाकडून काम घेत. लढाईंत पडलेल्याच्या मुलांस बालपरवेशी मिळे, श्रावणांत विद्वानांस दक्षिणा होती. फेरीवाला यांपैकीं कोणत्याच खात्यांत बसत नव्हता.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांत शामशास्त्री यांच्या हातीं 1905 मध्यें आली व 1909 मध्यें तो ग्रंथ छापला गेला. बाल, वृद्ध, व्याधित व अनाथ यांचें पोषण राजानें करावें, असें त्याच्या दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायांत आहे. ऐपत असून आईबापांस न पोसणाऱ्यास 12 पण दंडहि तेथेंच आहे. परंतु आम्हांस त्याच अधिकरणाचा 23 वा अध्याय अधिक मोलाचा वाटतो. विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया व वृद्ध राजदासी यांजकडून सूत्राध्यक्षानें सूत कातवून घ्यावें. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांस काम घरपोंच द्यावें. वेतनास विलंब केल्यास अधिकाऱ्यासच दंड. वार्धक्यास भिक्षा न देतां झेपेल तें काम व ठरलेलें वेतन देण्याची ही योजना आहे. मात्र ती राजाच्या कारखान्यापुरती. बाजारांत माल विकणाऱ्याच्या वांट्यास याच ग्रंथांत मापें तपासणारा पौतवाध्यक्ष व जकात घेणारा शुल्काध्यक्ष येतात.

मोहतर्फा मुंबई इलाख्यांत 1844 मध्यें बंद झाला. पुण्यांत शनिवारवाड्यापुढील उघडी मंडई 1886 मध्यें बांधीव इमारतींत गेली. तरी रस्त्यावर बसणारे रस्त्यावरच राहिले. त्यांच्या जागेस संसदेनें कायद्याचा आधार दिला तो 2014 मध्यें. हा कायदा महत्त्वाचा आहे खरा. तथापि त्याची कलमें वतनाच्या सनदेशेजारीं ठेवून वाचावीं. विक्रेत्यानें स्वतः किंवा कुटुंबीयांनीं धंदा करावा, जागा भाड्यानें देऊं नये. धनिकांनीं जागा बळकावूं नयेत म्हणून ही अट योग्यच आहे. मृत्यु किंवा कायमचें अपंगत्व आल्यास प्रमाणपत्र जोडीदाराकडे, नंतर अवलंबून असलेल्या मुलाकडे जातें. येथवर वतनासारखेंच, पण मुतालिकाची सोय नाहीं! ज्याचीं मुलें दुसऱ्या धंद्यांत गेलीं, त्या म्हाताऱ्याची जागा तो बसेल तोंवरच पिकते, आणि नुसतें वार्धक्य हें कायद्यांत अपंगत्व नव्हे. प्राधान्य कोणास द्यावें हें सांगतांना स्त्रिया, अपंग, मागासवर्गीय व अल्पसंख्य यांचीं नांवें आहेत, वृद्धांचें नाहीं. विमा व सामाजिक सुरक्षितता यांचें 31 वें कलम सरकार 'करूं शकेल' एवढेंच म्हणतें. मीमांसकांच्या भाषेंत, हा विधि नव्हे, अनुज्ञा आहे.

असंघटित श्रमिकांसाठीं 2019 मध्यें निघालेल्या केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेंत वयाच्या 60 व्या वर्षानंतर दरमहा 3,000 रुपये आहेत. प्रवेशाचें वय मात्र 18 ते 40. योजना निघाली तेव्हांच ज्या भाजीवालीचे केंस पिकले होते, तिला तें दार आरंभींच बंद झालें. 2020 च्या योजनेनें 10,000 रुपयांचें पहिलें कर्ज देऊं केलें. पण कर्ज फेडण्यासाठींहि पुन्हा रस्त्यावर बसावेंच लागतें.

ज्यांच्या संग्रहीं कसब्यांच्या शेटेमहाजनांचीं दप्तरें असतील, त्यांनीं बाजारबैठकीच्या याद्या पुन्हा एकवार चाळाव्या, व म्हातारपणाच्या कारणानें कोणास पट्टी माफ केल्याचा शेरा आढळल्यास तो तारखेसह प्रसिद्ध करावा.