फिनान्त्सआम्टचं पत्र आणि एक महिन्याची मुदत



जर्मनीत नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना फिनान्त्सआम्टचं पाकीट बघितलं की धडकी भरते. आत श्टॉयरबेशाइट असतो, म्हणजे कराचा निर्णय. आपण आकडा बघतो आणि कागद फाइलला लावतो. शेवटी छापलेलं असतं की एक महिन्यात आइनश्प्रुख, म्हणजे लेखी हरकत घेता येते. ते कोणी वाचत नाही. पण त्या ओळींमागे बराच इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धानंतर तिजोरी रिकामी होती. अर्थमंत्री माथियास एर्त्सबेर्गर यांनी करवसुली राज्यांकडून केंद्राकडे आणली. १९१९ साली एन्नो बेकर या न्यायाधीशानं लिहिलेली करसंहिता लागू झाली. अधिकाऱ्यांना चौकशीचे भरपूर अधिकार मिळाले, तसा करदात्याला अपिलाचा हक्कही. म्युनिकला वरिष्ठ कर न्यायालय १९१८ पासून होतंच. म्हणजे तोल बरा होता.

तो मोडायला फार वेळ लागला नाही. भांडवल देशाबाहेर जाऊ नये म्हणून १९३१ साली, म्हणजे नाझींच्या आधीच, देश सोडणाऱ्या श्रीमंतांवर २५ टक्के कर बसला होता. मर्यादा होती २ लाख मार्कांची. नाझींनी १९३४ मध्ये ती ५० हजारांवर आणली आणि जीव वाचवायला निघालेल्या ज्यू कुटुंबांना त्याच कराने नागवलं. त्याच वर्षी कायदा केला की करकायद्यांचा अर्थ नाझी विचारसरणीप्रमाणे लावायचा. १९३८ मध्ये ज्यूंवर १ अब्ज मार्कांचा दंड बसला, तोही वसूल केला कर कचेऱ्यांनीच. १९४१ नंतर छळछावण्यांकडे पाठवलेल्यांच्या घरातलं फर्निचर, चादरीसुद्धा याच खात्यानं लिलावात विकल्या. हे सगळं रीतसर नोंदी ठेवून, शिक्के मारून! दाद मागायची सोय उरली नाही की साधा कारकूनही किती भयंकर होऊ शकतो, ते इथे दिसतं.

म्हणूनच १९४९ च्या राज्यघटनेत कलम १९ मध्ये लिहिलं गेलं की सरकारकडून हक्काला धक्का लागला तर कोर्टाचा रस्ता खुला राहील. १९६६ पासून कर न्यायालयं खात्यापासून पूर्ण वेगळी झाली, आणि १९७७ पासून नवी करसंहिता लागू झाली.

याचा उपयोग होतो का? होतो. कराच्या बाकीवर दरमहा अर्धा टक्का व्याज लागायचं. बाजारात व्याज शून्याजवळ असताना हे घटनाबाह्य आहे, असं घटना न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. दर ०.१५ टक्क्यावर आला. पण कोर्ट नेहमी करदात्याच्याच बाजूने असतं असं नाही. लिख्टेनश्टाइनच्या बँकेतून चोरलेल्या माहितीवरून घरझडती घेता येते, असं त्याच न्यायालयानं २०१० मध्ये ठरवलं.

तेव्हा मंडळी, पत्र शेवटपर्यंत वाचा. हरकतीला फी नाही. मात्र नुसत्या हरकतीने भरणा थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. फेरतपासणीत कर वाढूही शकतो, पण आधी तसं कळवणं खात्यावर बंधनकारक आहे, आणि तेव्हा हरकत मागे घेता येते. परक्या देशात उगाच वाद कशाला, असं आपल्याला वाटतं. पण हा हक्क इथे फार मोठी किंमत मोजून आलाय. तो वापरण्यात संकोच कसला?