शब्दांच्या चिठ्ठ्या

पदव्युत्तर शिक्षणाला येणारा विद्यार्थी कितपत तयारीचा आहे, हे एकाच मापाने मोजायचा प्रयोग १९३६ साली अमेरिकेत सुरू झाला. कार्नेगी फाउंडेशनच्या जोडीला हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया. त्यातून जीआरई ही परीक्षा जन्मली. १९४८पासून ती ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे आहे.

पुण्यातल्या कित्येकांना ती भेटली तयारीसाठीच्या बॅरन्सच्या जाडजूड पुस्तकातून. अप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत आणायची, आधीच्या मालकाच्या पेन्सिलखुणा खोडायच्या आणि इंग्रजी शब्दांच्या पाठांतराला बसायचं. चिठ्ठीच्या एका बाजूला ‘लॅकॉनिक’, मागे ‘मितभाषी’. यंत्रं शिकायला निघालेल्याने ही घोकंपट्टी कशाला करायची, ही कुरकुर रास्तच होती.

२०११मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसंबंधांचे प्रश्न परीक्षेतून गेले. रबरबँड लावलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठे मात्र अजून काही माळ्यांवर पडून आहेत.